गच्चीवरची उत्तर दिशा

पुसलेली फ्लॅश मेमरी वाचून पाहिली तर तिच्यात शून्यं सापडत नाहीत, सापडतात ते एक. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत नुसते एक. लिहायचं म्हणजे त्यांतल्या हव्या त्या एकांचं शून्य करत जायचं आणि पुसायचं म्हणजे सगळ्या शून्यांचे परत एक करायचे. प्रत्येक घरात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा ऑक्साइडच्या वेष्टनात सगळीकडून बंद केलेला असतो. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की शून्य, सोडले की एक. वीज गेली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत, म्हणूनच ही मेमरी फोनपासून वीजमीटरपर्यंत सगळीकडे जाऊन बसली. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ती जगापुढे मांडली. तिच्या आधीच्या ईप्रॉम चिपवर एक पारदर्शक खिडकी असायची, आणि पुसायचं तर ती चिप अतिनील दिव्याखाली बराच वेळ ठेवावी लागायची. मासुओकांच्या रचनेत हे काम विजेनेच आणि चटकन होऊ लागलं. मात्र एक अट राहिली. एखादंच अक्षर खोडायचं असलं तरी अख्खी पाटी धुवावी लागते. हवामान केंद्रांसाठी हौशी लोक वापरतात त्या बोर्डावर छोट्यात छोटी पाटी ४,०९६ बाइटांची असते, आणि मोठ्यात मोठी म्हणजे सगळीच्या सगळी चिप.

शेजारच्या मुलीच्या हवामान केंद्राची सगळीच्या सगळी चिप मेच्या शेवटच्या आठवड्यात धुतली गेली. पाऊस दाराशी आला होता.

हे केंद्र तिच्या घराच्या गच्चीवर एका लोखंडी नळावर उभं आहे. भिंतीवर बसवतात तसल्या प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये नोडएमसीयूचा बोर्ड, त्यावर ईएसपी८२६६ ही चिप. उपड्या पांढऱ्या ताटल्यांच्या उतरंडीखाली हवेचा दाब, तापमान आणि दमटपणा मोजणारा बीएमई२८० सेन्सर. बाजूला नरसाळ्याखाली डोलणारं दोन कप्प्यांचं पर्जन्यमापक. सगळ्यात वर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. त्या बाणाच्या दांड्याच्या टोकाला एक लहानसं चुंबक चिकटवलेलं आहे, आणि त्याच्यासमोर एएस५६०० ही चिप पूर्ण फेरीचे ४,०९६ भाग करून दांडा किती फिरला ते सांगते. मुरुडच्या खाऱ्या हवेत या पसाऱ्याची निगा राखणं हे रोजचं काम आहे. पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो, तो जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढावा लागतो. पावसाळ्यात तर बॉक्सच्या आत कोळीसुद्धा घर करतात.

हा खटाटोप तिने केला तो निसर्ग वादळामुळे. ३ जून २०२० ची दुपार इथलं कुणीच विसरलेलं नाही. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि मधले झोत १३० पर्यंत गेले होते. सुपाऱ्या मधोमध मोडल्या, माड मुळांसकट आडवे झाले, पत्रे कुठल्या कुठे गेले, आणि वीज परत यायला कित्येक वाड्यांत आठवडे लागले. ही मुलगी तेव्हा शाळेत होती. पुढे तिला एक प्रश्न सतावत राहिला, वारा नेमका कुठून आला आणि केव्हा फिरला? वडील म्हणायचे, आधी डोंगराकडून आला आणि मग समुद्राकडून उलटला. आजीच्या मते तो पहिल्यापासून समुद्राकडूनच होता. शेजारपाजारच्या प्रत्येकाकडे आपापली दिशा होती, आणि लिहिलेली मात्र कुणाकडेच नव्हती.

प्रश्न लहान मुलाचा वाटतो, पण फार मोलाचा आहे. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र डाव्या हाताला असतं, हा नियम नेदरलँड्सच्या बाइस बॅलट यांनी १८५७ साली मांडला. वारा जसजसा फिरत जातो तसतसं वादळ आपल्या कोणत्या अंगाने चाललंय ते कळतं. रेडिओ, फोन, वीज सगळं बंद पडल्यावर गावात बसलेल्या माणसाला कळू शकेल अशी वादळाची ही जवळजवळ एकमेव बातमी. म्हणून तिच्या केंद्रात पाऊस आणि दाब मोजायची सोय असली, तरी तिचं खरं मन त्या बाणात होतं.

पुसलं गेलं ते असं. घरचा राउटर बदलला आणि बोर्ड नव्या वायफायला जोडला जाईना. प्रोग्रॅम चढवण्याच्या मेनूत 'फ्लॅश पुसा' या नावाखाली तीन पर्याय असतात: फक्त प्रोग्रॅम, प्रोग्रॅम आणि वायफायची माहिती, आणि सगळंच. कुणीतरी तिला सांगितलं की अडलेला बोर्ड सोडवायला तिसरा पर्याय चांगला. तिने तो निवडला. आधी पुसलं जातं आणि मग लिहिलं जातं, हा क्रम. पुसून झालं आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच निकामी झालेली होती, तो विजेच्या वायरीवरच चालायचा. लिहिणं सुरूच झालं नाही.

"काका, बोर्ड मेला," असं म्हणत ती खोक्यासकट माझ्याकडे आली.

तो मेला नव्हता. बोर्ड संगणकाला जोडून नेहमीच्या ११५२०० या वेगाने पडद्यावर काय येतंय ते पाहिलं तर नुसता कचरा दिसत होता, चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं. पण वेग ७४८८० वर आणला, आणि त्या कचऱ्यातून एक स्वच्छ ओळ उमटली. तिच्यात एक तारीख होती, ८ जानेवारी २०१३. ही ओळ फ्लॅशमधली नव्हे. ती चिपच्या पोटात कारखान्यातच कोरलेल्या रॉममधली आहे, तिला कुठलाच पर्याय पुसू शकत नाही. चिप जागी झाली की आधी हा रॉम बोलतो, मग फ्लॅशमध्ये प्रोग्रॅम शोधायला जातो. तिथे सगळे एक दिसले की पुन्हा मागे येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे ती चिप कुणीतरी काही सांगेल याची वाट पाहत होती. बोर्डावरचं फ्लॅश लिहिलेलं बटण दाबून धरायचं, रीसेटचं बटण दाबून सोडायचं, मग पहिलं सोडायचं. आता रॉम फ्लॅशकडे न जाता वायरीतून येणारा प्रोग्रॅम ऐकून घ्यायला बसतो. प्रोग्रॅमची प्रत तिच्या लॅपटॉपमध्ये होतीच. चढवायला घेतला, बोर्डावरचा निळा दिवा भराभर लुकलुकला, आणि पडद्यावर आकडे दिसू लागले.

मंगळावर उतरलेल्या 'स्पिरिट' गाडीवरही २००४ च्या जानेवारीत असाच प्रसंग आला होता. उतरून तीन आठवडेही झाले नव्हते. फ्लॅशमधल्या फायलींची यादी एवढी वाढली की ती पेलायला गाडीची चालती मेमरी पुरेना, आणि गाडी सुरू व्हायची, अडकायची, पुन्हा सुरू व्हायची. नासाच्या लोकांनी पृथ्वीवरून तिला फ्लॅशला हात न लावता जागं व्हायला सांगितलं, शांतपणे दोष शोधला आणि फेब्रुवारीत फ्लॅश पुसून नव्याने मांडली. ती गाडी पुढे २०१० पर्यंत काम करत होती. हे त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

मग आम्ही काय वाचलं आणि काय गेलं याचा हिशोब मांडला. बोर्डाचा नेटवर्कवरचा स्वतःचा क्रमांक शाबूत होता, कारण तो चिपमध्ये कायमचा नोंदवलेला असतो. बीएमई२८० च्या आतही त्याचे स्वतःचे गुणांक असतात. प्रत्येक सेन्सर कारखान्यात तपासून त्याचे बारीकसारीक दोष त्याच्यातच लिहून ठेवतात, त्यामुळे तेही सुरक्षित होते. वायफायचा पासवर्ड वडिलांच्या तोंडपाठ होता. गेले ते फक्त तीन आकडे, आणि फ्लॅशच्या शेवटच्या कोपऱ्यात ते तिघं मिळून मूठभर बाइटांत मावत होते: पर्जन्यमापकाच्या एका डोलाला किती मिलिमीटर धरायचे, गच्चीच्या उंचीसाठी दाबात किती मिळवायचं, आणि बाणाच्या ४,०९६ भागांपैकी उत्तर कुठे आहे.

प्रोग्रॅम कुणाचाही चालतो, हजारो बोर्डांवर तोच असतो. हे तीन आकडे मात्र या नळाचे, या गच्चीचे, मुरुडच्या या घराचे. ते कुठूनही उतरवून घेता येत नाहीत.

वडील गच्चीच्या पायरीवर बसून ऐकत होते. "म्हणजे पावसाचा हिशोब गेला म्हणायचा का, दादा?"

पावसाचा गेला नव्हता. डोलाचा आकडा मेमरीतून गेला, पण डोल तसाच होता, त्याचे स्क्रू कुणी हलवले नव्हते. पुन्हा मोजलं की झालं. नरसाळ्याचं तोंड १५ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण १७७ चौरस सेंटिमीटर. एवढ्या तोंडात १० मिलिमीटर पाऊस पडायला १७७ मिलिलिटर पाणी लागतं. मेडिकलमधून सलाइनचा सेट आणला, बाटली दोरीने टांगली, आणि पाणी थेंबाथेंबाने सोडलं. ओतायचं नाही, कारण धार जोराची असली की कप्पा उलटत असतानाचं पाणी मोजणीतून निसटतं आणि यंत्र पाऊस कमी दाखवतं. आमच्या पावसात ही चूक लहान राहत नाही. जुलैतल्या एखाद्या सरीत ती फार वाढते, म्हणून तिने वेगवेगळ्या वेगांनी मोजून त्याचा तक्ता केला. दुपारभर गच्चीवर टक् टक् आवाज चालू होता. आजी खालून दोनदा विचारून गेली की नळ गळतोय का.

दाबाचं काम त्याहून सोपं होतं. समुद्रसपाटीजवळ आठेक मीटर वर गेलं की दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो. गच्चीची उंची दोरीने मोजली, गुणाकार केला, अलिबागच्या सरकारी आकड्याशी ताडला. जुळलं.

अडलं ते उत्तर दिशेपाशी.

पहिल्या वेळी तिने ती फोनमधल्या होकायंत्राने ठरवली होती. आता पुन्हा तसंच करायला गेली तर नळाजवळ काटा एक दिशा दाखवी, दोन पावलं सरकलं की दुसरी, आणि पाण्याच्या टाकीवरच्या पत्र्यापाशी तिसरीच. लोखंड काट्याला आपल्याकडे ओढतं. सावलीने दिशा काढावी म्हटलं तर मेच्या मध्यात मुरुडचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि महिनाअखेरीला तो माथ्याच्या उत्तरेला सरकलेला असतो. दुपारची सावली वीतभरही पडत नाही, आणि पडते ती दक्षिणेला. ध्रुवतारा इथून क्षितिजाच्या जेमतेम अठरा अंश वर असतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तेवढ्या खालचं आकाश गढूळच.

लोखंडाने काटा फिरतो ही अडचण आमच्या जिल्ह्याला नवी नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवरची अलिबागची चुंबकीय वेधशाळा याच कारणासाठी तिथे आली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्या प्रवाहांनी काटे बिघडणार हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. इमारतीला पोरबंदरचा चुंबकीय खनिजं नसलेला दगड वापरला, आणि लोखंडाला आत थारा दिला नाही. विजेची ट्राम मुंबईत धावू लागली ती १९०७ मध्ये, म्हणजे वेधशाळा त्याआधीच निघून गेली होती.

मला या गोष्टीतला सर्वांत मोठा भाग वेगळाच वाटतो. अलिबाग सुरू झाल्याबरोबर मूसांनी कुलाबा बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. जुन्या जागेचा आकडा आणि नव्या जागेचा आकडा यांत फरक किती, हे त्या दोन वर्षांनी ठरलं, आणि म्हणून आधीच्या साठ वर्षांच्या वह्या नव्या वह्यांना जोडता आल्या. एरवी त्या दोन असंबद्ध मालिका झाल्या असत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची कुलाब्याची नोंद संशोधकांनी २००३ मध्ये पुन्हा अभ्यासली. काटा सुमारे १,६०० नॅनोटेस्ला खाली गेल्याचं त्यात दिसतं. उपग्रहांना आणि वीजजाळ्यांना असं वादळ काय करू शकेल याचा अंदाज बांधताना आजही ती नोंद समोर घेतली जाते. आमच्या किनाऱ्याजवळ कुणीतरी इतक्या निष्ठेने आकडे सांभाळले याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

गच्चीवर शेवटी उपयोगी पडला पद्मदुर्ग. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला बांधून घेतलेला हा किल्ला मुरुडसमोर समुद्रात उभा आहे. निसर्गमध्ये वाडीतले माड पडल्यापासून तिच्या गच्चीवरून त्याचा एक बुरूज फटीतून दिसतो. तिने नकाशावरून गच्चीचे आणि त्या बुरुजाचे अक्षांश-रेखांश घेतले. रेखांशांतल्या फरकाला अठरा अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.९५ ने गुणायचं. या अक्षांशावर रेखांशाचा अंश तेवढा आखूड होतो. मग त्रिकोणमितीने बुरुजाची दिशा अंशात काढली. मी बाणावर एक सरळ सळई बांधली आणि सळईच्या रेषेत बुरूज येईपर्यंत बाण फिरवत राहिलो. खाली तिने चिपचा आकडा वाचला. दोन आकड्यांची वजाबाकी केली की उत्तर सापडली. एएस५६०० च्या समोर त्याचं चुंबक अगदी चिकटून असतं, त्याला नळाच्या लोखंडाचं काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खारे वारे सुटले तेव्हा बाण वायव्येकडे वळला. पहाटे मतलई आली तेव्हा डोंगराकडे. म्हणजे ढोबळमानाने सगळं ठीक होतं.

पण तेवढ्यावर ती थांबली नाही. तिच्याकडे आधीच्या उन्हाळ्यांच्या फायली होत्या. दुर्दैवाने त्यांत बाणाचा मूळ आकडा नव्हता. हरवलेला उत्तरेचा आकडा मिळवून झालेली दिशाच तेवढी होती. त्या आकड्यात चूक असेल तर सगळ्या जुन्या दिशा तेवढ्याच अंशांनी चुकलेल्या असणार. पावसाच्या बाबतीत साक्षीदार आहे, सरकारी पर्जन्यमापकाचे सकाळी साडेआठचे आकडे मिळतात. वाऱ्याच्या दिशेला मुरुडात दुसरा साक्षीदार नाही.

"काका, खारे वारे तर दर मेमध्ये साधारण तिकडूनच येतात ना?" तिने विचारलं. "मग जुन्या मेमधल्या दुपारी आणि या मेमधल्या दुपारी ताडून पाहिल्या तर?"

ही कल्पना मला सुचली नव्हती. तिने ताडून पाहिलं. फरक निघाला, काही अंशांचा नव्हे तर नजरेत भरण्याइतका. होकायंत्र नळाला टेकवून धरलं तर चूक साधारण तेवढीच आणि त्याच बाजूला येते, म्हणजे जुनी उत्तर नळाने ओढलेली असावी असा कल दिसतो. पण पहिल्या वेळी फोन कुठे धरला होता हे तिला आठवत नाही. शिवाय वादळानंतर लावलेले माड आता गच्चीच्या उंचीला येताहेत, आणि वाऱ्याला ते वाट बदलायला लावत असतील. दोन कारणांतलं कोणतं किती, हे वेगळं काढायला दोन बाण एकाच वेळी चालू असायला हवे होते.

म्हणून जुन्या फायली तिने दुरुस्त केल्या नाहीत. माझंही मत तेच पडलं. जिथे जोड बसत नाही तिथे ओढून ताणून बसवू नये. फायलीत त्या तारखेला एक आडवी रेघ आली आहे आणि तिच्याखाली दोन ओळींचा खुलासा. तिथून पुढे प्रत्येक नोंदीत बाणाचा मूळ आकडा आणि दुरुस्त दिशा असे दोन रकाने आहेत. तीन आकडे शिसपेन्सिलीने कागदावर लिहून जंक्शन बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत. शाई दमट हवेत पसरते, शिसं पसरत नाही.

दुसरा बाण तयार होतोय. तो गच्चीवर नको, वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला हवा असं तिचं म्हणणं आहे, आणि निदान पुढचा पावसाळा संपेपर्यंत दोन्ही सोबत चालायला हवेत. खांब लोखंडाचा नको यावर सगळे सहमत आहेत. ती पीव्हीसीचा नळ म्हणते, वडील म्हणतात वाऱ्यात बांबूच टिकेल.